कमी ताकदीची, मागच्या चाकांची गाडी आणि ड्रिफ्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. माझ्याकडे १९९१ची युनोस रोडस्टर आहे, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी. जपानबाहेर हीच गाडी माझदा एमएक्स-५ म्हणून विकली गेली. इंजिन १६०० सीसी, वजन साधारण ९४० किलो आणि ताकद कागदावर १२० पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). इथल्या मराठी मंडळींकडून आणि पुण्या-कोल्हापूरच्या पोरांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. आकडे माझ्या गाडीचे आहेत. दुसऱ्या गाडीचं असेल तिथे तसं लिहिलंय.

१. गाडी घसरणं आणि ड्रिफ्ट करणं यात फरक काय?

पावसात घाटातल्या वळणावर मागची चाकं सटकली आणि पोटात गोळा आला, ते घसरणं. तेच मुद्दाम केलं, शेपूट बाहेर काढून स्टिअरिंग उलट्या बाजूला धरलं आणि रेसच्या जोरावर वळण संपेपर्यंत गाडी तिरकी ठेवली, तर तो ड्रिफ्ट. शेपूट बाहेर काढणं कुणालाही एका दुपारी जमतं. ते बाहेर ठेवणं आणि हवं तिथे आत घेणं यातच सगळी मेहनत आहे.

२. माझ्याकडे स्विफ्ट आहे. त्यात शिकता येईल का?

नाही. पुढच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक ओढून शेपूट फेकता येतं, पण रेस दिली की पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. गाडीचा तिरका कोन रेसवर टिकवणं हाच तर ड्रिफ्टचा गाभा, आणि तोच तिथे शिकता येत नाही. मागच्या चाकांच्या आपल्याकडच्या गाड्यांबद्दल प्रश्न १४ पाहा.

३. एवढ्या कमी ताकदीत ड्रिफ्ट होतो तरी का?

होतो, पण नुसत्या इंजिनाच्या जिवावर नाही. थोडा हिशेब करू.

माझ्या इंजिनाचा टॉर्क सुमारे १३६ न्यूटन-मीटर. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.८८८ आणि मागच्या डिफरन्शियलचं (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ४.३. गुणाकार केला, वाटेत गळणारं दहाएक टक्के वजा केलं आणि चाकाच्या त्रिज्येने भागलं, की जमिनीवर सुमारे ३५० किलोचा ढकल मिळतो. मागच्या दोन चाकांवर माझ्यासकट ५०० किलो भार असतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड त्याच्या नव्वद टक्के धरली तर ४५० किलो. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये रेस कितीही दाबली तरी कोरड्या, सरळ रस्त्यावर माझी चाकं पकड सोडून जागच्या जागी फिरत नाहीत. ओल्यात पकड निम्म्यावर, २५०च्या आसपास येते आणि तिथे हाच ३५० किलोचा ढकल पुरून उरतो.

मग कोरड्यात कसं? टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. गाडी वळवायला आणि पुढे ढकलायला एकाच पगारातून खर्च होतो. ४५० पैकी ३५० ढकलण्यात गेले तर वळण्यासाठी १०० उरत नाहीत, २८०च्या आसपास उरतात. कारण ही दोन्ही बळं एकमेकांना काटकोनात असतात आणि साधी वजाबाकी लागू होत नाही. वळण याहून जास्त मागू लागलं की मागची चाकं सुटतात. त्यामुळे कमी ताकदीच्या गाडीत आधी वळणाचा खर्च वाढवायचा किंवा मागचा भार हलका करायचा, आणि इंजिनाला शेवटचा धक्का द्यायला ठेवायचं. पुढची सगळी तंत्रं याच हिशेबातून निघतात.

४. मग सरळ जास्त ताकदीचीच गाडी का घेऊ नये?

पैसे असतील तर घ्या. पण तीनशे पीएसच्या गाडीत चूक झाली तरी रेस दाबून ती लपवता येते. वळणात उशिरा शिरलात, वजन हलवलं नाहीत, तरी धूर निघतो आणि जमलंय असं वाटतं. माझ्या गाडीत शिरतानाच चुकलं तर पुढे काहीच होत नाही, गाडी आपली निमूट वळते. शिवाय वेग कमी राहतो (दुसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला साधारण ताशी ४० किलोमीटर) आणि टायरचा खर्च आटोक्यात असतो.

‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखले जाणारे त्सुचिया केइची यांचं नाव ज्या गाडीशी जोडलं गेलं, ती टोयोटाची एई८६सुद्धा १६०० सीसीचीच. तिची ताकद १३० पीएस सांगत.

तोटाही सांगतो. लांब, वेगवान वळणांवर ही गाडी धापा टाकते, आणि मित्राच्या निसानच्या टर्बो सिल्व्हियामागे लागून जोडीने ड्रिफ्ट करायची हौस फिटत नाही.

५. पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

एक शंकू, ओलं काँक्रीट, आणि त्याभोवती गोल. जपानीत याला ‘तेइजोएन’ म्हणतात, म्हणजे एकाच मापाचं, न बदलणारं वर्तुळ. ऐकायला रटाळ वाटतं आणि पहिला अर्धा तास असतंही.

शंकूभोवती दहा-बारा मीटर त्रिज्येत हळू फिरा. स्टिअरिंग आत वळलेलं, गिअर पहिला. (पहिल्या गिअरमध्ये ढकल दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे गाडी सहज सुटते. नंतर दुसऱ्यावर जा.) आता रेस एकदम आणि ठाम द्या. शेपूट निघालं की रेस अर्ध्यावर आणा आणि स्टिअरिंग उलटं जाऊ द्या. सुरुवातीला चारपैकी तीन वेळा गाडी गरकन फिरून थांबेल. फिरू द्या. क्लच दाबा, ब्रेक दाबा, पुन्हा सुरू करा.

माझ्या पहिल्या दिवशी शिकवायला एक साठीचे गृहस्थ होते. ते गाडीत बसलेच नाहीत. शंकूशेजारी घडीच्या खुर्चीत चहा पीत बसले आणि फक्त इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. मी रेस दाबायचो-सोडायचो, दाबायचो-सोडायचो, आवाज शिवणयंत्रासारखा यायचा. तासाभराने ते उठून आले आणि म्हणाले, पाय नको, बोटं हलव, बुटातली बोटं. त्यानंतर तिसऱ्या प्रयत्नाला मी पूर्ण दोन फेऱ्या मारल्या. आवाज एकसुरी ‘घूंऽऽ’ असा येऊ लागला की समजा वर्तुळ जमलं. डोळ्यांआधी कानाला कळतं.

दोन्ही बाजूंनी करा. प्रत्येकाची एक बाजू सोपी असते आणि आपण नकळत तिकडेच जातो.

६. स्टिअरिंग उलटं किती फिरवायचं? माझे हात एकमेकांत अडकतात.

फिरवायचंच नाही, सोडायचं. शेपूट बाहेर गेलं की पुढची चाकं आपणहून गाडी जिकडे सरकतेय तिकडे वळतात. पुढच्या चाकांची बैठक तशीच तिरकी असते. पकड ढिली करा, स्टिअरिंग तळव्यांतून सरकू द्या आणि हवं तिथे धरा. माणूस स्वतः फिरवू लागला की नेहमी उशीर होतो, आणि मग तो जास्त फिरवतो.

नजर बोनेटवर ठेवू नका. जायचंय तिकडे पाहा, मग ते बाजूच्या काचेतून असलं तरी. जिकडे नजर तिकडे हात जातात. भिंतीकडे पाहिलंत तर भिंतीकडेच जाल.

७. वर्तुळ जमलं. पुढे काय?

आठ. आरटीओत दुचाकीच्या परीक्षेला काढलात तोच. जपानीत ‘हाची-नो-जी’. दोन शंकू, एका भोवती डावीकडून, दुसऱ्याभोवती उजवीकडून. कठीण आहे ती मधली अदलाबदल. तिथे रेस क्षणभर सोडायची, वजन पुढे येतं, शेपूट झोका खाऊन दुसऱ्या बाजूला जातं, स्टिअरिंग हातांतून सरकतं आणि नव्या बाजूला कोन धरला की पुन्हा रेस. कमी ताकदीच्या गाडीत हा झोकाच अर्धं काम करून देतो, म्हणून इथे घाई करू नका. शेपटाला जायला वेळ द्या. मला नीट आठ काढायला पाच दिवस लागले. सलग पाच नाहीत, पाच महिन्यांत पसरलेले पाच.

८. हँडब्रेक, क्लच-किक की फेंट? आधी काय शिकू?

आधी हँडब्रेक. वळायला सुरुवात केली की क्लच दाबायचा, हँडब्रेक झटक्यात ओढायचा, बटण दाबलेलंच ठेवायचं, शेपूट निघालं की हँडब्रेक खाली, क्लच सोडून रेस. क्लच दाबायला विसरलात तर इंजिन बंद पडतं. जुन्या रोडस्टरचा हँडब्रेक मुळात अशक्त असतो, त्यामुळे आधी केबल ताणून घ्या आणि मागचे पॅड तपासा. जपान आणि भारत दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने हँडब्रेक डाव्या हाताला येतो. यूट्यूबवर अमेरिकन माणसाचं बघून शिकत असाल तर आरशात बघितल्यासारखं करावं लागेल.

दुसरा नंबर फेंटचा, म्हणजे हुलकावणीचा. डावीकडे वळायचंय, तर आधी थोडं उजवीकडे, मग रेस सोडून झपकन डावीकडे. वजन झोपाळ्यासारखं परत येतं आणि शेपूट सुटतं. हे तंत्र फिनलंड-स्वीडनच्या रॅली चालकांकडून आलं. त्या काळी तिकडे कमी ताकदीच्या गाड्या आणि बर्फाळ रस्ते हाच रोजचा मामला होता. कमी ताकदीला इतकं साजेसं दुसरं काही नाही.

क्लच-किक शेवटी. रेस दाबलेलीच ठेवून क्लच क्षणभर दाबायचा आणि सोडायचा. आरपीएम उसळतो आणि फ्लायव्हीलमध्ये (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीत) साठलेली फिरकी एका धक्क्यात मागच्या चाकांना मिळते. कोरड्यात कोन मरायला लागला की हाच तारतो. पण क्लच प्लेट, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल सगळे त्याची किंमत मोजतात. आठ नीट येईपर्यंत हात लावू नका, म्हणजे पाय लावू नका.

९. गाडी सारखी गोल फिरते. काय चुकतंय?

बहुतेक वेळा रेस. शेपूट बाहेर गेल्यावर घाबरून रेस पूर्ण सोडली तरी गाडी फिरते (वजन पुढे जातं, मागचं हलकं होतं), आणि आनंदाने पूर्ण दाबून ठेवली तरी फिरते. मधली जागा शोधायची, प्रश्न ५ मधली बुटातली बोटं. रेस बरोबर असेल तर हात उशिरा जातायत, प्रश्न ६.

१०. माझी उलट तक्रार आहे. शेपूट निघतच नाही, गाडी नाकाने सरळ पुढे जाते.

वळणात रेस देतच शिरताय. वजन मागे बसलंय, पुढचे टायर हलके आणि मागचे भक्कम. शिरण्याआधी रेस सोडा किंवा ब्रेकवर हलका पाय ठेवा, पुढची चाकं दबली की वळा आणि मग रेस. तरीही नाकच जात असेल तर टायर पाहा (प्रश्न १२).

११. डिफरन्शियल वेल्ड करून घेऊ का? सगळे तेच सांगतात.

साध्या, उघड्या डिफरन्शियलमध्ये वळणात आतलं चाक हलकं होतं आणि इंजिनाची बरीचशी ताकद तिथेच फुकट फिरते. बाहेरच्या चाकाला फारसं काही मिळत नाही. आधीच ताकद कमी, त्यात ही गळती. ओल्यात वर्तुळ जमतं, पण कोरड्यात आठ काढताना रडकुंडीला येतो माणूस.

वेल्ड केलं की दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरतात. स्वस्त, आणि ड्रिफ्टला एकदम चोख. पण पार्किंगमध्ये वळताना मागून कचकच, टायर घासले जातात, अ‍ॅक्सलवर सतत पीळ येतो, आणि वेल्ड चांगला नसेल तर आत तुकडे होतात. गाडी ट्रेलरवरून नेत असाल आणि रस्त्यावर चालवत नसाल तर करा. ज्या गाडीने सोमवारी ऑफिसला जायचंय, तिला मेकॅनिकल एलएसडी (एकच चाक फुकट फिरू न देणारं डिफरन्शियल) बसवा. काही रोडस्टरना कारखान्यातूनच व्हिस्कस एलएसडी आलेला असतो, पण तीस वर्षांनी त्यात जीव राहिलेला नसतो. मी दीड वर्ष उघड्या डिफरन्शियलवर काढलं. त्याचा पश्चात्ताप नाही, पण तुम्ही काढा असंही सांगणार नाही.

१२. टायर कोणते? हवा किती?

पुढे चांगले, मागे वाईट. अरुंद, कडक, स्वस्त. मूळ १८५/६० आर१४ हेच माप योग्य. रुंद टायर लावून पकड वाढवणं म्हणजे प्रश्न ३ मधला हिशेब आपणच बिघडवून घेणं. २०१२ साली टोयोटाने ‘८६’ नावाची गाडी बाजारात आणली, तेव्हा २०० पीएसच्या गाडीलाही मुद्दाम साधेच टायर दिले होते, ते याचसाठी.

मागे हवा वाढवा. कंपनीची शिफारस २६ पीएसआयची आहे, मी मागे ४०च्या आसपास ठेवतो. टायर मधोमध लवकर झिजतो, झिजू दे. पण पार गोटा झालेला, तारा दिसू लागलेला टायर नको. फुटला तर मडगार्ड घेऊन जातो. आणि परतीच्या प्रवासासाठी बरे टायर वेगळे न्या. मी एकदा विसरलो होतो. पावसात ऐंशी किलोमीटर, ताशी पन्नासने, मागे ट्रकची रांग.

१३. गाडीत आधी काय बदलू? एग्झॉस्ट?

एग्झॉस्टने फक्त शेजारी बदलतात. आधी सीट. घट्ट धरणारी सीट नसेल तर तुम्ही स्टिअरिंगला लोंबकळता आणि हात मोकळे राहत नाहीत. मग ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, चाकांचे नट दर खेपेला तपासून. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली नको, कारण सततच्या वळणात ते एका कडेला जातं आणि इंजिन आचके देतं. इंजिनाची ताकद वाढवायचा विचार दोन वर्षांनी करा.

१४. नॅनो, ओम्नी, ईको, पद्मिनी, जिप्सी… या तर सगळ्या मागच्या चाकांच्याच की!

महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रश्नांत याचा नंबर पहिला. या सगळ्यांची ताकद मागच्या चाकांना जाते हे खरं. पण ड्रिफ्टला दुसरी अट असते, गाडी बसकी आणि रुंद हवी. गाडी आडवी घसरायला लागल्यावर ती घसरत राहील की उलटेल, हे चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला वजनाच्या मध्याच्या उंचीने भागल्यावर कळतं. रोडस्टरमध्ये हा आकडा मोठा, म्हणून पकड आधी सुटते. उंच, अरुंद गाडीत उलटणं आधी येऊ शकतं.

ओम्नी : इंजिन पुढच्या सीटखाली, अंग उंच, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), चाकं बारा इंचांची. तुमचे गुडघे आणि समोरची भिंत यांत फक्त पत्रा. नको. ईकोही उंच आणि अरुंदच, तीही नको.

नॅनो : इंजिन मागे, म्हणून मागच्या चाकांवर भार जास्त आणि पुढची पकड कमी. कंपनीने पुढे १३५ आणि मागे १५५ रुंदीचे टायर दिले ते शेपूट सुटू नये म्हणूनच. आधी नाक सरळ जाईल, आणि जबरदस्तीने शेपूट काढलंच तर मागचं इंजिन लंबकासारखं ते पुढे नेईल. वरून उंच आणि अरुंद. नको.

जिप्सी : टू-व्हीलमध्ये टाकली की मागच्या चाकांवर चालते आणि भारतातल्या रॅलीत तिने नाव कमावलंय. पण ती चालवणाऱ्यांच्या गाडीत रोल-केज (आत बसवलेला लोखंडी पिंजरा), हार्नेस (घट्ट बांधणारे पट्टे) आणि डोक्यावर हेल्मेट असतं. एक लक्षात घ्या, मातीत उलटण्याचा धोका डांबरापेक्षा कमी असतो असं वाटतं, पण आडवं चाक मऊ मातीत रुतलं की ते अडखळतं आणि गाडी त्यावरून पलटी खाते.

पद्मिनी : यादीतली त्यातल्या त्यात बसकी. १०८९ सीसी, मागे पाटे. ओल्या, सपाट मैदानात वर्तुळ निघेल. पण गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, हँडब्रेकचा भरवसा नाही, आणि आता चांगली पद्मिनी मिळणं इतकं अवघड की तिला असं वागवणं जिवावर येतं.

या गाड्यांपेक्षा कार्टिंग करा, प्रश्न १७ मधला सिम्युलेटर घ्या, किंवा ऑटोक्रॉस स्पर्धेत (मोकळ्या जागेत आखलेल्या वाटेवर वेळ लावून चालवण्याच्या) केज बसवलेल्या गाडीत भाग घ्या.

१५. एमआयडीसीतला रस्ता रात्री रिकामाच असतो. तिथे?

नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याला लागू होतं आणि त्यात कैदेची तरतूद आहे. कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहिताही लागू होते. पण मी नको म्हणतो ते दिवाबत्ती नसलेल्या रस्त्यावरून सायकलने तिसऱ्या शिफ्टला निघालेल्या माणसासाठी. तो तुम्हाला दिसणार नाही, आणि तुम्ही कुठून याल हे त्याला कळणार नाही. विम्यातही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. स्वतःच्या पॉलिसीतलं ‘वापरावरील मर्यादा’ हे कलम एकदा वाचा.

१६. जपानमध्ये कुठे शिकता येईल? भारतातलं लायसन्स चालतं का?

फुकुशिमातल्या निहोनमात्सु इथलं एबिसु सर्किट हे ड्रिफ्टचं पंढरपूर. एकाच डोंगरावर अनेक लहान-मोठे कोर्स. २०२१च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात त्यातल्या एका कोर्सवर दरड कोसळली होती, त्यामुळे निघण्याआधी कोणता कोर्स चालू आहे ते विचारा. टोकियोजवळ चिबातलं मोबारा ट्विन सर्किट, उत्सुनोमियातलं निक्को सर्किट, आणि ओसाकाकडे असाल तर नारातलं मेइहान स्पोर्ट्सलँड. बहुतेक ठिकाणी हेल्मेट, लांब बाह्या आणि हातमोजे लागतात.

फिरायला आला असाल तर आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट इथे चालतं, कारण भारत आणि जपान दोघेही १९४९च्या जिनिव्हा कराराचे सदस्य आहेत. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. इथेच राहत असाल तर नंतर लायसन्स बदलून घ्यावं लागतं. गाडी विकत घेण्याआधी पार्किंगच्या जागेचा दाखलाही लागतो, आणि टोकियोत तीच खरी परीक्षा.

१७. सिम्युलेटरवर शिकलेलं गाडीत उपयोगी पडतं का?

हातांना पडतं, बुडाला नाही. उलटी ओढ देणारं स्टिअरिंग असेल तर प्रश्न ६ मधलं सोडणं-धरणं घरबसल्या पक्कं होतं. शेपूट निघाल्याची पहिली खबर मात्र खऱ्या गाडीत सीटमधून येते. सिम्युलेटरवर डोळे ती खबर उशिरा देतात.

१८. ऑटोमॅटिक, इलेक्ट्रिक हँडब्रेक, बंद न होणारं ईएसपी (घसरण आपोआप रोखणारी यंत्रणा) असेल तर?

ऑटोमॅटिकमध्ये क्लच-किक गेला, इलेक्ट्रिक हँडब्रेक ओढता येत नाही, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत ईएसपी बंद केल्यासारखं दाखवतं पण मोक्याच्या क्षणी परत जागं होतं. तीनपैकी दोन गोष्टी असतील तर गाडी बदला.

१९. शेजारी कुणाला बसवलं तर चालतं का?

सर्किटची परवानगी आणि हेल्मेट असेल तर. पण ९४० किलोच्या गाडीत साठ-सत्तर किलो बाजूला आले की डावं-उजवं वेगळं वागतं आणि ताकद आणखी कमी पडते. सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा मी त्यांना वर्तुळात फिरवलं. उतरल्यावर त्यांनी मागचे टायर वाकून बघितले, हात लावला, चटका बसला आणि म्हणाले, “हे असंच करायचं होतं तर नवे कशाला घेतले?” तेव्हापासून मी मागचे टायर जुनेच आणतो.